फवारणीची नळी आणि चिखलदऱ्याचा घाट

समस्त वऱ्हाडातील मोटारमालक, मोटारचालक, मोटारीत बसणारे, मोटार ढकलणारे आणि मोटारीखाली येता येता वाचलेले स्त्रीपुरुष यांस अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, मोठी मोटार थांबवण्याचे काम ड्रायव्हरचा पाय करीत नाही. ते काम पोकळी करते. होय, पोकळी! जिच्यात काहीही नाही, हवासुद्धा नाही, अशा जागेवर तुमचा, तुमच्या बायकोचा आणि मांडीवरच्या लाडूच्या डब्याचा जीव टांगलेला असतो. ही गोष्ट मला फार वर्षांपासून ठाऊक होती. तरीही मी घाटात ती बरोबर घेऊन गेलो, आणि तिने मला जे दाखवले ते सांगायला आज बसलो आहे.

संपादकांनी धंद्यातले चार अनुभव मागितले. मी दीड देतो. अर्धा अकोल्याचा, ज्यात मी शहाणा ठरलो. पुरा एक चिखलदऱ्याच्या घाटाचा. उरलेले अडीच देण्यासारखे नाहीत, कारण त्यातले गिऱ्हाईक अजून रस्त्यात भेटतात.

आधी यंत्र समजून घ्या. इंजिन चालू असले की ते सतत हवा ओढत असते. पट्टीचा चिलीमबाज चिलीम ओढतो तसे. छोट्या गाडीत ही ओढ नुसती पेट्रोल आत घ्यायला लागते. पण दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ज्या लांबलचक अमेरिकन गाड्या आपल्याकडे आल्या, त्यांचे वजन इतके की नुसत्या पायाने त्या थांबवायला पैलवान नोकरीला ठेवावा लागला असता. म्हणून त्यांच्या पोटाखाली पत्र्याचा एक डबा असे. डब्यात मध्ये कातड्याच्या कडेचा दट्ट्या. इंजिनापासून डब्यापर्यंत एक नळी. इंजिन त्या नळीतून डब्यातली हवा ओढून घेते, दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी होते. तुम्ही पेडलवर पाय ठेवला की एक झडप उघडते आणि एकाच बाजूने बाहेरची हवा आत घुसते. ती दट्ट्याला धक्का देते, दट्ट्या ब्रेकची सळई ओढतो, गाडी थांबते. पाय फक्त इशारा करतो. कुस्ती हवा खेळते.

आणि नळीतून ओढ आली नाही तर? डब्यात जी पोकळी शिल्लक असेल तिच्यावर एकदा ब्रेक लागतो. दुसऱ्यांदा अर्धामुर्धा. तिसऱ्यांदा पेडल दगड. ब्रेक गेलेला नसतो, पण तो लावायला पैलवान लागतो, आणि पैलवान घरी असतो.

आता अकोल्याचा अर्धा अनुभव. मी तिथे सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर फिटर होतो. मालकाच्या गाडीचा ब्रेक विचार करून लागू लागला. म्हणजे आज पेडल दाबले तर तो जरा थांबून, मनाशी ठरवून, मग लागायचा. दोन मिस्त्र्यांनी चाके खोलली, पट्टे बदलले. मी गाडीखाली गेलो आणि डब्याच्या हवा घ्यायच्या तोंडावरची जाळी काढली. आत रुई! हंगामभर गाडी जिनात उभी राहायची आणि उडणारी रुई जाळीत बसून तिचा घोंगडीसारखा गच्च नमदा झाला होता. हवा आत जाणार कशी? तो नमदा मी दोन बोटांत धरून, सगळ्यांना दिसेल असा वर उचलून बाहेर आलो. टाळ्या नाही पडल्या, पण मला ऐकू आल्या.

त्या टाळ्यांच्या भरवशावर मी अमरावतीला येऊन बडनेऱ्याच्या सडकेवर स्वतःचे गॅरेज काढले. आणि त्यानंतर पोकळीचा ब्रेक असलेली कोणतीही गाडी आली की मी आधी जाळी काढायचो, रुई शोधायचो आणि ती वर उचलायचो. वऱ्हाडात रुई सापडणार नाही असे होत नाही. ती डाळीतसुद्धा सापडते.

संपतबुवांची गाडी अशीच आली. बुवा चांदूर बाजारचे माळी. संत्र्याची बाग, भाजीचा मळा, सणासुदीला फुलांचे हारे. लढाई सुरू झाल्यावर विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची दहा-बारा वर्षे जुनी गाडी त्यांनी लिलावात घेतली होती. ती चालवायचा त्यांचा पुतण्या नामदेव. तिशीचा, खांद्याने रुंद, बोलायला मोजका.

"ब्रेक कदी लागते, कदी दगडावानी होते," नामदेव म्हणाला.

"रुई!" मी म्हणालो.

"आमच्या इकडं संत्रं हाय, मिस्त्री. जिन नाही."

मी जाळी काढली. चिमूटभर रुई निघालीच. ती मी वर उचलली. नामदेवने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि गाडी घेऊन गेला.

आठ दिवसांनी चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात ती गाडी वांग्यांच्या ढिगातून गेली. नामदेव परतवाड्याहून येत होता. बाजार दिसल्यावर त्याने एकदा ब्रेक लावला, लागला. पुन्हा लावला, आणि पेडल दगड. दोन्ही पायांवर उभा राहून त्याने गाडी थांबवली, तेव्हा तिचे नाक एका बैलाच्या शिंगाला टेकले होते. शिंगाचे टोक तुटले. वांगीवाली म्हातारी गाडीपासून दोन हातांवर बसली होती. दोन हात, मी नंतर जाऊन मोजले.

संपतबुवा गाडी घेऊन स्वतः आले. बैलासारखेच शांत. गॅरेजात तेव्हा चार गिऱ्हाइके होती. बुवांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले.

"मिस्त्री, माह्या पोरीचे, यमुनाचे घरवाले चिखलदऱ्याले कॉफीच्या मळ्यावर हायेत. तिले सातवा लागला. पैलटकरीन हाय, बाळंतपण आमच्याकडं. शुक्रवारी तिले खाली आणाची हाय. भाड्याच्या सर्व्हिस मोटरीत तं हाडं खिळखिळी होतेत, म्हनून हे गाडी. आज सोमवार. तुमी पाहा. अन् मंग मले हो म्हना, नाही तं नाही म्हना. नाही म्हनाल तं मी डोली करीन."

आणि उठता उठता एक वाक्य टाकले, जे मला पुढे महागात पडले: "पेट्रोल जपून बरं. कूपनावर चिखलदऱ्याले जायाआयापुरतंच जमवलं हाय."

तेव्हा पेट्रोल कूपनावर मिळे हे तरुण वाचकांना सांगायला हवे. आम्हा मिस्त्री लोकांच्या हातात त्या दिवसांत एक सवयच बसली होती: इंजिन लावायचे, अर्धा मिनिट ऐकायचे, बंद करायचे. सगळी तपासणी बंद इंजिनावर. गिऱ्हाइकाचे पेट्रोल जाळणारा मिस्त्री चोर समजला जाई. मला माझ्या काटकसरीचा फार अभिमान होता.

मंगळवारी मी डबा उतरवला. दट्ट्याचे कातडे सुकले असेल म्हणून पाहिले. ते एरंडेल पिऊन मऊ होते. झडप उघडून घासली. सांधे एकेक आवळले, कुठे हवा फुसफुसते का म्हणून कान लावून बसलो. नळी पाहिली. नळी तर सुरेख! काळीभोर, जाड, कुठे चीर नाही, दोन्ही टोकांना तारेचे घट्ट वेढे. मी तिच्यावर थाप मारली, जशी चांगल्या विद्यार्थ्याच्या पाठीवर मारतात.

मग ठरलेली परीक्षा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचे, म्हणजे उरलीसुरली पोकळी संपते. मग पेडल दाबून धरायचे आणि इंजिन लावायचे. पायाखाली पेडल आपोआप थोडे खाली गेले तर डबा काम करतो. मी लावले. पेडल आज्ञाधारकपणे खाली गेले. इंजिन बंद.

बुधवारी पुन्हा तेच. पेडल खाली. गुरुवारी सकाळी मी ती परीक्षा अकरा वेळा घेतली आणि अकरा वेळा गाडी पास झाली. एखादा मास्तर खूश झाला असता. मी मात्र खूश नव्हतो. दुखणे सापडून बरे केले तर झोप लागते. दुखणेच न सापडता रोगी हसत बसला तर वैद्याने काय करावे? मला जेवण जाईना. डोळ्यांपुढे वांग्यांचा ढीग येई, आणि त्या ढिगाच्या पुढे, बैलाच्या जागी, घाटाची कड.

दुपारी बुवा आले. गॅरेजात पुन्हा गिऱ्हाइके. त्यातला एक अकोल्याचा, रुईची गोष्ट स्वतः पाहिलेला. तो ती दुसऱ्याला रंगवून सांगत होता. बुवांनी माझ्याकडे पाहिले. हो किंवा नाही, एवढेच मागितले होते त्या माणसाने.

"झालं," मी म्हणालो.

हा शब्द मी आजवर हजारदा उच्चारला आहे. त्या दिवशीचा अजून परत घेता आलेला नाही. वर मी हसून म्हणालो, "पण बुवा, मीही येतो. चिखलदऱ्याची हवा फार दिवसांत खाल्ली नाही."

"या की," बुवा म्हणाले. "गाडी मोठी हाय."

शुक्रवारी पहाटे निघालो. पुढे नामदेव आणि मी, मागे बुवा आणि त्यांच्या पत्नी सरूकाकू. काकूंच्या मांडीवर दशम्यांचा डबा आणि मोगऱ्याचा लांबच लांब गजरा, लेकीसाठी. परतवाड्यापर्यंत त्या गजराच ओवत होत्या. धक्के बसत होते, पण सुई एकदाही चुकली नाही. मी मागे वळून वळून तेच पाहत होतो, कारण पुढे पाहण्याची मला हिंमत नव्हती.

घाट चढताना काही झाले नाही. चढताना ब्रेकचे काम कुठे असते? तरी प्रत्येक वळणावर मी मनात परत येताना ते कसे दिसेल याची नोंद घेत होतो: इथे डोंगर डाव्या हाताला येईल, इथे नुसती हवा. थंड हवेच्या ठिकाणी माझा सदरा घामाने ओला झालेला पाहून नामदेव म्हणाला, "मिस्त्री, इंजिनापक्षा तुमीच गरम झाले."

यमुना दारातच उभी होती. लहानखुरी, पोट सांभाळून चालणारी, आईला पाहून डोळे भरलेली. जावईबापूंनी जेवू घातले. जेवलो म्हणजे ताटाभोवती पाणी फिरवले आणि उठलो. दीडच्या सुमारास गाडी उताराला लागली. मागे आता तिघे, यमुना मध्ये.

"नामदेव, दुसऱ्या गियरवरच राहा," मी म्हणालो.

"न्यूट्रलवर सोडली तं पेट्रोल—"

"राहू दे पेट्रोल!"

पहिले वळण. ब्रेक लागला. दुसरे, तिसरे, चौथे, लोण्यासारखा. मला वाटले, कदाचित खरेच झाले असेल. कधी कधी होते तसे. यंत्र उघडून बंद केल्यानेही बरे होते. सहाव्या वळणावर नामदेवच्या मानेची शीर फुगलेली दिसली.

"मिस्त्री," तो दातांतून म्हणाला, "दगड झाला."

मी माझा पाय त्याच्या पायावर टाकला आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. दोघांचे वजन, हँडब्रेक, गियर, सगळे मिळून गाडी कुरकुरत हळू झाली. नामदेवने नाक डोंगराच्या बाजूला वळवले. मुरमाच्या भिंतीला पुढचे बंपर लागले, दगड घरंगळले, आणि आम्ही उभे राहिलो. मागून यमुना हळूच म्हणाली, "माय, माह्या हातावरचा हात काढ. बांगड्या फुटल्या."

मी बाहेर उडी मारून चाकांखाली दगड लावले. आणि एरवी कधी केले नसते ते केले. घाईत इंजिन बंद करायचे विसरलो. ते चालू असतानाच बॉनेट उघडले.

ती सुरेख, काळीभोर, शहाणी नळी माझ्यासमोर होती. चपटी! वाळत घातलेल्या नाडीसारखी चपटी. बोट लावले तर उकडलेल्या केळ्यासारखी मऊ. मी पळत जाऊन इंजिन बंद केले आणि परत आलो. माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू फुगत गोल झाली, आणि पुन्हा चांगल्या विद्यार्थ्यासारखी बसली.

तीन दिवस मी हिला बंद आणि थंड इंजिनावर तपासत होतो. बंद असताना ती गोल, थंड असताना ती ताठ. तापून मऊ झाली, वर उतारावर इंजिनाची ओढ सगळ्यात जास्त, की तिच्या भिंती आतल्या आत चिकटायच्या. अर्धा तास इंजिन चालू ठेवून तिच्याकडे पाहिले असते, तर अमरावतीतच पकडली असती. अर्ध्या तासाचे पेट्रोल मी वाचवले होते.

"नामदेव, ही नळी कुठली?"

"बागेतली. फवाराच्या पंपाची. आधीची फाटली, बाजारात मिळेना. हे लय मजबूत हाय मिस्त्री, दोन वर्सं दवा फेकते, कदी फुटली नाही."

फुटेल कशी? पंप तिच्यातून दवा बाहेर ढकलतो आणि ती ताठ होते. इंजिन आत ओढते आणि ती मिटते. संत्र्याच्या झाडाला जे दोन वर्षे पुरले ते घाटात सहा वळणे पुरले.

मी संपतबुवांसमोर उभा राहिलो. "बुवा, काल मी 'झालं' म्हणालो तेव्हा काहीच झालं नव्हतं. मला दोष सापडलाच नव्हता."

"ते मले चढतानीच समजलं," बुवा म्हणाले. "तुमी रामराम म्हनून राहिले होते, अन् तुमी तं देव मानत नाही." मग आवाज न चढवता म्हणाले, "पोट्टीचं काय करू आता, ते सांगा. सर्व्हिस मोटर सकाळीच गेली. हिले चालवू का घाट?"

यमुना एका दगडावर बसली होती. काकू तिच्या मनगटावरचे रक्त पदराने टिपत होत्या. मी आयुष्यात इतका झपाट्याने विचार कधी केला नाही. नळीला आतून आधार हवा. तार मिळाली असती तर स्प्रिंग वळली असती, तार नव्हती. समोर जंगलभर बांबू होता.

"नामदेव, कोयता आहे?"

माळ्याच्या गाडीत कोयता नसेल असे होत नाही. त्याने करंगळीएवढ्या फांद्या तोडून आणल्या. आमच्या डोंगरावरचा बांबू लाठीला उत्तम, कारण तो आतून भरीव. सगळ्या फांद्या भरीव निघाल्या, आणि भरीव तुकड्यातून हवा जाणार कशी? नामदेव पुन्हा निघाला आणि सडकेखालच्या ओढ्यात उतरला. तो दिसेनासा झाला तेवढा वेळ मी घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहत होतो. शेवटी काटेरी कळकाच्या पोकळ काड्या घेऊन तो वर आला, दोन्ही हात ओरबाडलेले.

आम्ही बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. मी नळी काढून एक तुकडा आत सारला. अडकला. दुसरा सारला, आडवा झाला. तिसरा उचलला.

"सरका बाजूले," सरूकाकू म्हणाल्या. त्यांनी तुकडे पदरात घेतले, एकेक बोटांत फिरवून पाहिला. "असे तिरपे काहून कापले? सरळ काप रे नामदेव. यमुने, तेलाची शिशी दे." मग एक लांब काडी घेऊन त्यांनी तिच्यात ते तुकडे मण्यांसारखे ओवायला घेतले, जाडाला जाड, बारकाला बारीक, मध्ये वळायला जरा जागा सोडून. तेल लावलेली पुरी माळ नळीत सरकवली आणि काडी अलगद ओढून घेतली. वीस-बावीस मणी. नळी दाबून पाहिली तर कोंबडीच्या मानेसारखी, वळते पण दबत नाही. दोन्ही टोकांना लोखंडी पाइप आत घुसतात, त्यामुळे मण्यांना पळायला वाट नव्हती.

मी नळी बसवली, इंजिन लावले, आणि या वेळी बंद केले नाही. रेडिएटरमधून वाफ निघेपर्यंत चालू ठेवले. नळीवरून डोळा काढला नाही. गोल होती. गोलच राहिली. बुवा एकदाही पेट्रोल म्हणाले नाहीत.

"आता?" बुवांनी विचारले.

"आता माझं मत विचारू नका," मी म्हणालो. "मी गाडी रिकामी चार वळणं खाली नेतो. प्रत्येक वळणावर तीनदा ब्रेक लावीन. वर पाहत राहा."

नेली. बाराही वेळा लागला. पायी वर आलो तेव्हा धाप लागली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा श्वास मोकळाही झाला होता. यमुनाच उठली. "चला बुवा. पायानं जाऊन का गाडीनं जाऊन, लेकरू मलेच न्याचं हाय," असे म्हणून ती आईचा हात धरून त्या चार वळणांपर्यंत चालली आणि गाडीत बसली.

बुवांनी चाक माझ्या हाती दिले. उरलेला घाट मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. फक्त पाय आठवतो. दर वळणाला तो पेडलवर जाई आणि मी दगडाची वाट पाही. दगड आला नाही.

तेव्हापासून माझ्या गॅरेजात नियम आहे: नळी तापलेल्या आणि चालू इंजिनावर पाहायची, पेट्रोल कोणाचेही असो. नव्या नळीत मी तारेची स्प्रिंग घालतो. संपतबुवांना तशी नळी स्वतः नेऊन बसवली, आणि जुनी, मण्यांसकट, माझ्या फळीवर आहे. यमुनेला मुलगी झाली. आता ती मोटारीच्या पुढच्या सीटसाठी भावांशी भांडते. आणि 'झालं' हा शब्द तोंडात आला की मी आधी तो चावून पाहतो. अजूनही तो कधी कधी निसटतो, हे मान्य करतो.

त्या दुपारी घाट संपला, सपाट सडक लागली आणि समोर गुरांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला. ती अवाढव्य गाडी हूं न चूं करता, पहिल्या गाईपासून चांगली चार हात अलीकडे, अलगद उभी राहिली. घामाने भिजलेला मी छाती भरून मागे वळलो, एक हात नाटकातल्या राजासारखा पसरला आणि म्हणालो, "काय काकू? लागला की नाही ब्रेक?"

सरूकाकू इतका वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी ते उघडले, आधी लेकीकडे पाहिले, मग गुरांकडे, मग माझ्या पसरलेल्या हाताकडे, आणि गुराख्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"लागला तं! पन मनी म्या ओवले, अन् फुगून काहून राहिले जी तुमी?"